वाशीमचा मुरुक्कू

वाशीमचं रेल्वे स्टेशन दक्षिण मध्य रेल्वेत येतं. उत्तरेला अकोला लागलं की मध्य रेल्वे; आमचा कारभार मात्र नांदेडहून चालतो आणि नांदेडचा सिकंदराबादहून. रेल्वेच्या दफ्तरी आम्ही केव्हाचेच दक्षिणेत गेलो आहोत, आम्हाला कळवायचं तेवढं राहून गेलं. मीटरगेजच्या काळात इथून मीनाक्षी एक्स्प्रेस जायची, काचीगुडा ते जयपूर. मदुरैच्या मीनाक्षीची आणि त्या गाडीची उभ्या जन्मात भेट झाली नाही, तरी नाव मीनाक्षी. आता ब्रॉडगेज झालं आहे. अमरावती-तिरुपती गाडी वाशीमवरून जाते, आणि गावातल्या बालाजीला नेमानं जाणारी माणसं सवड काढून तिकडच्या बालाजीलाही जाऊन येतात.

येताना लाडू येतो. लाडू हा प्रसाद, तो वाटावा लागतो. शेजाऱ्यांना चतकोर, त्यापुढच्यांना चिमूट, आणि गल्लीच्या टोकाला पोचेपर्यंत नुसता वास. पण त्याच पिशवीत तळाशी मुरुक्कूचं एक पाकीट असतं. त्याला प्रसादाचे नियम लागू नाहीत. ते घरातच राहतं आणि दुपारी चारच्या चहाला गुपचूप फुटतं. वाशीमच्या कितीतरी घरांत दक्षिणेच्या खाऊची ओळख अशी देवाच्या पाठीमागून झालेली आहे.

आमच्याकडे ते पाकीट फुटलं तेव्हा सासूबाईंनी एक तुकडा मोडून खिडकीच्या उजेडात धरला. आतली बारीक जाळी पाहिली, वास घेतला, दाताखाली ठेवला. मग म्हणाल्या, "यात बेसन नाही. तिखट नाही. हळद नाही. हे आजाऱ्यासाठी करतात का?" विदर्भात पदार्थ पांढरा असला की घरात कोणाचं तरी पोट बिघडलेलं आहे असं धरून चालतात. आमच्या ह्यांनी मात्र बोलण्यात वेळ घालवला नाही. सकाळच्या पोह्यांवरची तर्री उरली होती, ती वाटीत घेतली, त्यात मुरुक्कू चुरला आणि शेवेच्या जागी खाऊन टाकला. "चांगला आहे की," असा निकालही दिला. तिरुचीत हे दृश्य कोणी पाहिलं असतं तर बोलणंच खुंटलं असतं.

तिरुचीचं नाव उगाच घेतलं नाही. बँकांचं एक बरं असतं. त्या तिरुचिरापल्लीच्या माणसाला वाशीमला पाठवतात आणि वाशीमच्या माणसाला तिरुचिरापल्लीला. देश एकसंध राहायला एवढं पुरे. असंच तिकडचं एक कुटुंब आमच्या शेजारी राहायला आलं. वहिनींनी हिंदी मालिकांवरून उचललं आणि मराठी भाजीवालीकडून, त्यामुळे त्या चांगली वऱ्हाडी बोलतात, फक्त तमिळ हेलात. "ताई, पानी जास्त नको टाकू. मंग ते तेल पिऊन राह्यते." हे वाक्य त्यांच्या तोंडून ऐकावं. पीठ बिघडलं तरी चालेल, पण ते पुन्हा म्हणा, असं सांगावंसं वाटतं.

त्यांचं माहेर मणप्पारैच्या जवळचं. मणप्पारै हे तिरुची-दिंडिगुल रेल्वेमार्गावरचं गाव. तिथला मुरुक्कू इतका नावाजलेला की 2023 साली त्याला भौगोलिक मानांकन मिळालं. तिथे तो एकदा अर्धवट तळून काढतात आणि पुन्हा तळतात. अशा गावची लेक आमच्या पाकिटातल्या मुरुक्कूकडे कशी पाहणार? शेगावच्या माणसाला दुसऱ्या गावची कचोरी वाढली तर तो पाहील, तशीच. तोंडानं काही बोलल्या नाहीत. फक्त विचारलं, "घरी काऊन नाही करत?"

घरी का करत नाही, याला वाशीमकडे खरं तर उत्तर नाही. मुरुक्कूला लागतं काय? तांदूळ, उडीद, तीळ, जिरं, हिंग, मीठ, लोणी आणि तेल. उडीद आमच्या शेतातला. मृगात पेरला की पोळा-गणपतीच्या आसपास घरात येतो. तीळ आपला. लोणी आपलं. तेल तर विचारूच नका, सगळा जिल्हा सोयाबीनखाली आहे. बाहेरून आणायचा तो तांदूळ, आणि तोही फार लांबून नाही. गोंदिया-भंडाऱ्याकडचा तांदूळ आम्ही एरवी खातोच. म्हणजे मुरुक्कूतली सगळी मंडळी आपल्याच वावरातली, फक्त त्यांची बैठक दुसरीकडे भरली.

भाजणीच्या चकलीत नि मुरुक्कूत फरक काय ते इथेच सांगते, कारण पुढे भांडण होतं. चकलीच्या भाजणीत तांदूळ असतो, हरभऱ्याची डाळ, उडदाची डाळ, मुगाची डाळ असते, धने-जिरे असतात. सगळं वेगवेगळं भाजायचं, एकत्र दळायचं, वर तिखट, हळद, ओवा, तीळ आणि कडकडीत मोहन. अशा पिठाची चकली जरा वाकडी झाली, जरा मऊ पडली, तरी चवीवर निभावून नेते. मुरुक्कूला लपायला जागाच नाही. चार वाट्या तांदळाच्या पिठाला एक वाटी भाजलेल्या उडदाचं पीठ, दोन मोठे चमचे लोणी, जिरं, तीळ, चिमूट हिंग, मीठ, आणि बास. चव म्हणून जे काही आहे ते तांदूळ नि उडदाचंच. खरा प्रश्न खुसखुशीतपणाचा. तो जमला तर पदार्थ आहे, नाहीतर नुसतं तळलेलं पीठ.

तांदळाच्या पिठात चिकटपणा धरून ठेवणारं गव्हासारखं काही नसतं. म्हणूनच ते कुरकुरीत होतं आणि म्हणूनच एकटं टिकत नाही, तुटतं. उडीद चिकट. तो तांदळाला धरून ठेवतो. जास्त झाला की कडकपणा आणतो, कमी झाला तर सोऱ्यातून निघालेली कडी कढईपर्यंत पोचतच नाही. हे प्रमाण घराघरात थोडं इकडेतिकडे होतं. वहिनींच्या सासरचं वेगळं आणि माहेरचं वेगळं, आणि त्या कोणाचं पाळतात हे मी विचारलेलं नाही.

पीठ हा मात्र खरा घोळ. तांदूळ धुवून तास-दोन तास भिजवायचा, निथळून सुती कापडावर सावलीत पसरायचा, हाताला किंचित ओल लागते न लागते तोच दळायचा. भिजलेला दाणा ठिसूळ होतो, दळताना तापत नाही, पीठ मऊसूत येतं. तयार तांदळाच्या पिठाचाही मुरुक्कू होतो, नाही असं नाही. पण तो दाताला कळतो, जिभेला नाही. भिजवलेल्या तांदळाचं पीठ आपल्या बायकांना नवं नाही, अनारशाला करतोच. नवा आहे तो चक्कीवाला. त्याच्यासमोर ओलसर तांदळाचा डबा ठेवला की त्याचा चेहरा सोयाबीनचा भाव पडल्यासारखा होतो.

"काकू, हे ओलं हाय. दगडाले चिकटते."

"थोडंच आहे हो."

"अनारशाचं हाय का?"

मुरुक्कू समजावून सांगण्यापेक्षा हो म्हणणं सोपं, म्हणून हो म्हटलं. तर म्हणाला, "मंग थांबा जराशा. कोणाचे तांदूळ आले तं त्याच्या मागं लावतो." हे त्याचं म्हणणं खरं होतं. चक्कीत आधी ज्वारी दळली असेल तर तुमच्या पांढऱ्याशुभ्र पिठात पहिली मूठ ज्वारीचीच येणार. पण वाशीममध्ये तांदूळ दळायला कोण येतं? ज्वारी येते, गहू येतो, हरभऱ्याची डाळ येते, उपासाची भगर येते. बाकावर बसून मी सगळ्या मोहल्ल्याची धान्यं पाहिली. शेवटी एका बाईंचे धिरड्याचे तांदूळ आले आणि त्यांच्या मागे आमचा नंबर लागला. त्यांच्या पिठात माझी ओल गेली असणार आणि माझ्यात त्यांचं पीठ. कोणाची तक्रार नव्हती.

आता हवा. कुरकुरीत पदार्थाला पाणी हाच शत्रू, आणि हवेतलं पाणी सगळ्यात कावेबाज, कारण ते दिसत नाही. या हिशोबानं पाहिलं तर मुरुक्कू चेन्नईत जन्मायलाच नको होता. समुद्रकाठची दमट हवा, डबा दहा मिनिटं उघडा राहिला की आतलं सगळं सादळलं. वाशीमला दिवाळीपासून थेट पावसाळ्यापर्यंत कोरडी हवा. उन्हाळ्यात पारा चाळिशी ओलांडतो आणि गच्चीवर घातलेली कुरडई सकाळची संध्याकाळी वाळते. इथल्या उन्हाला आम्ही चार महिने शिव्या घालतो, पण वाळवणाच्या बाबतीत त्याच्या तोडीचं ऊन नाही. वहिनींनी पहिल्याच मे महिन्यात गच्चीवर तांदळाच्या पिठाचे वडाम घातले आणि संध्याकाळी ते कडकड वाजायला लागलेले पाहून माहेरी फोन लावला. फोनवर काय बोलणं झालं ते कळलं नाही, मधून मधून "वाशीम, वाशीम" एवढं ऐकू येत होतं. ताकात मुरवून वाळवलेली त्यांची मोर मिळगाय आणि आमची सांडगी मिरची एकाच दोरीवर शेजारी शेजारी टांगली तर कोणती कोणाची हे मिरचीलाही सांगता येणार नाही.

एवढी कोरडी हवा हाताशी असताना आपण तळतो कधी? आखाडात! बाहेर धो धो पाऊस, कपडे वाळत नाहीत, काडेपेटी ओली, मीठ पाझरतंय, आणि नेमक्या त्याच महिन्यात विदर्भात आखाड तळतात. तिखटमिठाच्या पुऱ्या, कापण्या, शंकरपाळे, भजी. लेकीच्या घरी पाठवायचं, शेजारी द्यायचं. डबा भरून ठेवायला याहून वाईट महिना शोधूनही सापडायचा नाही. मला वाटतं, आखाडाच्या तळणाला डब्यात ठेवण्याचा विचार कधी नव्हताच. कढईतून ताटात आणि ताटातून तोंडात, मधे हवेला शिरायला फट नाही. आखाडाचं शास्त्र असं सोपं आहे, आणि त्यात मुरुक्कू सहज बसतो. पहिल्या घाण्याला सगळे स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर उभे असले की साठवणीचा प्रश्न आपोआप मिटतो.

आखाड सरला की श्रावण, आणि श्रावणात गोकुळाष्टमी. विदर्भात कान्होबा बसतो. वर फुलोरा टांगतात, करंज्या, पापड्या, पुऱ्या, काय काय तळलेलं. पुढे भाद्रपदात महालक्ष्म्यांना पुन्हा फुलोरा, त्यात तर वेणी-फणीसुद्धा पिठाची करून तळतात. त्याच गोकुळाष्टमीला तमिळ घरांतही कढई चढलेली असते. मुरुक्कू असतो आणि असते उप्पु सीडै. सीडै म्हणजे तांदूळ-उडदाच्या पिठाच्या, खोबरं घातलेल्या बोराएवढ्या गोळ्या. दिसायला गरीब. पण कृष्णासाठी केलेल्या पदार्थात कृष्णाचा वात्रटपणा उतरावा तसं तिचं वागणं. तेलात ती फुटते. नुसती तडकत नाही, फटाका वाजावा तशी उडते, तेलासकट. तमिळ स्वयंपाकघरांत सीडै तळताना बायका एका हातात झारा आणि दुसऱ्या हातात ताटली धरतात, ढाल-तलवार घेतल्यागत.

कारण साधं आहे. गोळी घट्ट वळली की वरचा पापुद्रा आधी कडक होतो; आत ओल राहिली तर तिची वाफ होते आणि वाफेला वाट मिळत नाही. पिठात एखादी गुठळी राहिली तरी तेच. म्हणून पीठ दोनदा चाळायचं, गोळी हलक्या हातानं वळायची, तिच्यावर भेगा दिसल्या तर दिसू द्यायच्या, आणि टाचणीनं टोचून ठेवायची. गोळी जितकी गुळगुळीत आणि देखणी, तितकी धोक्याची. आपल्याकडे करंजीची कड उकलली की बायका फुटली म्हणत नाहीत, हसली म्हणतात. सीडैला हा शब्द कसा पुरणार! वहिनींनी केली तेव्हा आमच्या सासूबाई दारातूनच पाहत होत्या. पहिला आवाज झाल्यावर त्यांनी पदर सावरला आणि म्हणाल्या, "आपला कान्होबा बरा. वरून टांगला की काम झालं."

मुरुक्कू असा धिंगाणा घालत नाही. नळीसारखा पोकळ, वळणावळणाचा, वाफेला सगळीकडून वाट. सोऱ्या आपलाच चालतो, पितळी असेल तर सोन्याहून पिवळं. चांदणीची ताटली घातली की काटेरी मुरुक्कू पडतो. तीन गोल भोकांची घातली की गुळगुळीत, त्याला तेंकुळल म्हणतात. पण वहिनींच्या आजी सोऱ्याला हातही लावत नसत. तो हातमुरुक्कू एकदा वहिनींनी करून दाखवला. जमिनीवर पांढरं ओलं फडकं पसरलं. लिंबाएवढा पिठाचा गोळा उजव्या हातात घेतला, अंगठा आणि तर्जनीच्या चिमटीतून त्याची बारीक दोरी काढत गेल्या, आणि काढतानाच तिला पीळ देत गेल्या. चिमटीत दाबायचं, पिळायचं, फडक्यावर सोडायचं. दाबायचं, पिळायचं, सोडायचं. दोरी आपल्याभोवती फिरत गेली, एक वेढा, दुसरा, तिसरा. पीळ कुठे ढिला नाही, कुठे तुटला नाही. तिकडच्या लग्नांत पाच-सात-नऊ वेढ्यांचे असे ताटाएवढे मुरुक्कू मांडून ठेवतात म्हणे. वहिनी तीन वेढ्यांवर थांबल्या. "आजी असती तं हसली असती," म्हणाल्या, आणि चिमट ताणून ताणून दुखणारा अंगठा चोळत बसल्या.

तळताना कानांनी तळायचं. कढईत मुरुक्कू सुटला की मोठा फेस येतो, चर्र आवाज होतो. तो फेस म्हणजे पिठातलं पाणी वाफ होऊन बाहेर पडतंय. आच मध्यम. हळूहळू फेस बसतो, आवाज खाली येतो, आणि एका क्षणी कढई जवळजवळ गप्प होते. तेव्हा काढायचा. रंगाची वाट पाहायची नाही. तांबूस झाला म्हणजे उडीद करपायला लागला. तेल तापलेलं नसेल तर वाफेत जोर नसतो, आणि मग वहिनी म्हणतात तसं पीठ तेल पिऊन राह्यतं. आणखी एक गंमत आहे. तेल बरंचसं आत शिरतं ते कढईत नाही, कढईबाहेर. तळलेला पदार्थ बाहेर निवायला लागला की आतली वाफ आकसते आणि पृष्ठभागावरचं तेल आत ओढून घेते. म्हणून काढल्याबरोबर झारा कढईच्या काठावर आपटून निथळायचा, परातीत एकावर एक ढीग करायचा नाही. आपल्या आजी-पणज्या तळण चाळणीत काढून उभं करून ठेवायच्या, ते उगाच नव्हे.

तेलाचं मला तेवढंसं पटत नाही, पण सांगते. सोयाबीन तेल आपल्या गावचं असलं तरी घाण्यामागून घाणे काढले की त्याचा वास पुढे येतो, आणि मुरुक्कूत मसाला नसल्यामुळे तो वास झाकायला कोणी नाही. फल्लीतेल चांगलं. जुन्या बायका करडीच्या तेलाच्या आठवणी काढतात, मग तेलाच्या भावाच्या काढतात, आणि विषय तिथेच संपतो.

उडदाची गोष्ट निघाली आहे तर वड्याला टाळून चालणार नाही. पुसद नाक्यापासून हिंगोली नाक्यापर्यंत इडली-वड्याचे गाडे उभे असतात, आणि मेदूवडा हा दाक्षिणात्यांचा म्हणून आपण त्यांना तो बिनशर्त देऊन टाकलेला आहे. एवढी घाई करू नये. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या नावावर मानसोल्लास नावाचा बाराव्या शतकातला संस्कृत ग्रंथ आहे. राजानं काय काय उपभोगावं याची त्यात यादी आहे आणि त्यात भिजवून वाटलेल्या उडदाचे वडे तळायची कृतीही आहे. त्याची कल्याणी म्हणजे बीदर जिल्ह्यातलं बसवकल्याण, इथून काही फार दूर नाही. आणि डाळी भरडून केलेला त्यांचा मसालवडा तर आपल्या वडाभातातल्या वड्याचा सख्खा भाऊ. आपण तो गरम भातावर कुस्करतो, वर फोडणीचं कडकडीत तेल घेतो. ते चटणीशी खातात. घरातल्या दोन भावांच्या जेवणाच्या सवयी याहून वेगळ्या असतात.

वाशीम पूर्वीचं वत्सगुल्म, वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी. राजशेखरानं काव्यमीमांसेत काव्यपुरुष आणि साहित्यविद्या यांचं लग्न याच वत्सगुल्मात लावून दिलं आहे. मोठाच मान, पण जेवणावळीचं राजशेखर एक अक्षर लिहीत नाही. विदर्भातलं लग्न आहे म्हटल्यावर वडाभात असणारच, असं मी धरून चालते. वऱ्हाडी तृप्त झाले नसते तर त्या जोडप्याचा संसार आजवर टिकला नसता.

एका गोष्टीचं मात्र वाईट वाटतं. कुरकुरीत खाऊ आणि रेल्वे यांचं जुनं साटंलोटं आहे. मणप्पारैचा मुरुक्कू गाडीतून गावोगाव गेला. बंगळूर-म्हैसूर मार्गावर मद्दूर स्टेशन आहे, तिथला कांदा घातलेला चपटा मद्दूरवडा. भज्यांचा घाणा निघेपर्यंत गाडी यायची वेळ झाली म्हणून पीठ थापून तळलं आणि तोच पुढे गाजला, असं सांगतात. आमचं शेगाव तर कचोरीवर गाजलेलं, गाडी थांबली की खिडकीत कचोरी हजर. प्रवासात टिकणारं, हाताला न माखणारं, भूक मारणारं खाणं फलाटावरच वाढतं. वाशीमला फलाट आहे, उडीद आहे, कोरडी हवा आहे, तळणाऱ्या बायका आहेत. वाशीमच्या नावाचा पदार्थ नाही. 2018 साली केंद्र सरकारनं आम्हाला आकांक्षित जिल्ह्यांच्या यादीत घातलं, तेव्हा गावात सगळ्या प्रकारच्या आकांक्षांची चर्चा झाली, खाण्याची कोणी काढली नाही. अलीकडे जिल्ह्यात चियाही पिकायला लागला आहे, आणि चिया घातलेल्या मुरुक्कूची कल्पना एका उत्साही भाच्यानं मांडली होती. सासूबाईंनी त्याला तीळ दाखवले आणि म्हणाल्या, "हे काय वाईट आहेत?" रेल्वेची 'एक स्थानक, एक उत्पादन' अशी योजना 2022 पासून आहे, तिच्यात स्टेशनावर टपरी मिळते. एखाद्या बचत गटानं मनावर घेतलं तर वाशीमचा मुरुक्कू आरामात पूर्णेपर्यंत जाईल. त्यापुढे नेऊ नये. नांदेड ओलांडलं की जाणकार लोक सुरू होतात.

घरी करणार असाल तर एवढं पाळा. मुरुक्कू आणि भाजणीची चकली एकाच दिवशी करायची वेळ आली तर आधी मुरुक्कू तळा. भाजणीतल्या तिखट-हळदीनं तेल काळवंडतं आणि मग पांढरा मुरुक्कू पांढरा राहत नाही. पूर्ण निवल्याशिवाय डब्याचं झाकण लावू नका. आणि तांदूळ दळायचा तो नवरात्रातच उरकून घ्या. दिवाळीच्या आठवड्यात चक्कीवाला ओल्या तांदळाला हात लावत नाही, अनारशाचे म्हटलं तरी.